वेगळा तवा

"ते नवे फोटो तिला नको देऊस तपासायला. आपल्यातलीच आहे ती."

हे पार्टिशनच्या पलीकडून आलं. बोलणारी आमची टीम लीड होती आणि ऐकणारा तिच्या शेजारी बसणारा डेव्हलपर. मी अलीकडे, तोंडावर रुमाल धरून माझ्या खुर्चीत बसले होते आणि समोरच्या स्क्रीनवर एका तळलेल्या अंड्याचा फोटो वरून खाली सावकाश उतरत होता. क्लायंटचा सर्व्हर परदेशात होता, त्यामुळे मोठे फोटो एकदम उघडायचे नाहीत. आधी बशीची कड दिसायची, मग पांढऱ्याची कड, मग पांढरं. दर वेळी वाटायचं, आता इथेच थांबावं. थांबायचं नाही. पिवळं यायचंच. या फोटोत तर कुणीतरी सुरीच्या टोकाने ते फोडून ठेवलं होतं आणि ते बशीतून वाहत जाऊन टोस्टच्या कडेला अडलं होतं. पिवळ्याला लागून असलेला पांढरा भाग धड शिजलेलाच नव्हता. सर्दी झालेल्या पोराच्या नाकाखाली असतं तसं काहीतरी तिथे चमकत होतं.

"तिचं तोंड बघ कसं झालंय," लीड पुन्हा म्हणाली. हळू आवाजात म्हणाली, पण पुण्यातला हळू आवाज पार्टिशनला जुमानत नाही. "मी म्हटलं नव्हतं तुला? आडनावावरून कळत नाही, पण किळसेवरून कळतं."

डेव्हलपर हसला. "म्हणजे आता या मजल्यावर अंडं खाणारा मी एकटाच."

"तू खा रे बाबा. फक्त खाऊन माझ्या कीबोर्डला हात लावू नकोस."

मी फोटो बंद केला आणि पाणी प्यायला उठले. पाण्यालाही वास येतोय असं वाटलं.

हिंजवडीतल्या त्या कंपनीत मी टेस्टिंगला होते. परदेशातल्या एका हॉटेल कंपनीसाठी आम्ही न्याहारीची ऑर्डर घेणारं सॉफ्टवेअर करत होतो. पाहुणा खोलीतल्या स्क्रीनवर अंडं निवडणार, कसं हवं ते निवडणार, आणि ते खाली भटारखान्यात उमटणार. प्रत्येक प्रकारासमोर बरोबर फोटो येतो की नाही, हे बघायचं काम माझं होतं. टीममधले बहुतेक जण असे होते की त्यांच्या घरात अंडं शिरलेलं नव्हतं. त्यांनी कधी न खाल्लेल्या, कधी हातात न धरलेल्या वस्तूचे प्रकार ते मीटिंगमध्ये तासन्‌तास घोळवायचे. पिवळं वाहतं, पिवळं अर्धवट, पिवळं घट्ट. एका बाजूने, दोन्ही बाजूंनी. झाकण ठेवून, वरून गरम तेल उडवून. दोन फोटोंमधला फरक कुणालाच कळायचा नाही आणि मग लीड म्हणायची, "दोन्ही तितकेच घाण दिसतायत, पुढचा दाखव."

मला फरक कळायचा. कारण मी अंडं खात होते. लहानपणापासून खात होते. माझी किळस अंड्याची नव्हती, कच्च्या राहिलेल्या अंड्याची होती. पण हे सांगायला मी पार्टिशनच्या पलीकडे गेले नाही. मी तशी कुठेच उठून जाऊन काही सांगत नसे. शाळेत वर्ग चालू असताना उत्तर येत असूनही हात वर न करणाऱ्या ज्या मुली असतात, त्यांच्यातली मी.

माझं आडनाव 'कर'ने संपतं. गावावरून पडलेलं आहे. पुण्यात त्यावरून काही ठरत नाही आणि ठरल्याशिवाय लोकांना चैन पडत नाही. वडील सरकारी नोकरीत, दर काही वर्षांनी बदली, म्हणून मला नागपूरच्या मिशनरी शाळेच्या हॉस्टेलवर ठेवलेलं. तिथे इंग्रजी बोललं गेलं आणि मराठी पुस्तकातून आली. त्यामुळे माझ्या बोलण्यात आईच्या बोलीतलं काही उतरलं नाही. आम्ही बौद्ध. आमच्या बैठकीत बुद्धाची मूर्ती आहे आणि तिच्यावर निळ्या सुटातली तसबीर. पण ती बैठक विदर्भात होती आणि मी हिंजवडीत, आणि गळ्यात कंपनीचं ओळखपत्र सोडून दुसरं काही नव्हतं.

आईचं अंडं मी कुणाला आवडेल म्हणून सांगत नाही. ते देखणं नसायचं. आई लोखंडी तवा धूर निघेपर्यंत तापवायची. तेल सढळ. अंडं फोडून टाकलं की ते चरचरत फुगायचं आणि कडा तपकिरी होऊन वर यायच्या. मग हळद, तिखट, मीठ. मग ती उलथन्याच्या कोपऱ्याने पिवळं फोडायची, पसरायची, अंडं उलटायची आणि वरून दाबायची. उलटून पुन्हा दाबायची. जणू त्याने काही गुन्हा केलाय आणि कबुली हवी आहे. शेवटी ते चिवट, काळ्या ठिपक्यांचं, चामड्याच्या तुकड्यासारखं झालं की भाकरीवर टाकायची. "वाहत असन तर ते अंडं नसते," ती म्हणायची. "ते व्हायचं राहिलेलं पिल्लू असते." हे ऐकल्यावर कुणालाही हाफ फ्राय खाववणार नाही. मला तर नाहीच.

त्यात हॉस्टेलची भर पडली. तिथे रविवारी प्रत्येकीला एक तळलेलं अंडं मिळायचं. सगळी अंडी पहाटे एकदमच तळून मोठ्या ट्रेमध्ये मांडून ठेवायचे आणि आम्ही प्रार्थनेहून येईपर्यंत ती गार होऊन जायची. पिवळ्यावर गार दुधावरच्या सायीसारखी सुरकुतलेली कातडी. खाली गोठलेल्या तुपाचा पांढरट गोल. ते काट्याने कापून, तोंड मिटून, आवाज न करता खायचं. ताटात काही टाकायचं नाही. एका रविवारी माझ्या अंड्याच्या पिवळ्यात रक्ताचा ठिपका निघाला. मी हात वर केला नाही, हे सांगायला नको. तो घास गालात धरून मी प्रार्थनेच्या ओळीसारखीच सरळ चालत बाहेर गेले आणि जास्वंदीच्या झाडाखाली थुंकले. वास मात्र बोटांना राहिला. अंडं धुतलं तरी भांड्याला राहतो ना, तो ओला, थंड, उग्र वास.

तर असे फोटो मी दिवसभर बघत होते. त्या हॉटेलांच्या शाखा बऱ्याच देशांत होत्या आणि प्रत्येक देशाने आपापल्या पद्धतीने माझ्या पोटात ढवळायचं ठरवलेलं होतं. इंग्लंडच्या ताटात अंडं एकटं नव्हतंच. त्याला टेकून गोड टोमॅटोच्या रशातल्या शेंगांच्या बिया, एक चिरलेला भाजका टोमॅटो आणि रक्त घालून केलेल्या सॉसेजच्या काळ्या चकत्या. सगळ्याचा रस एकमेकांत. जर्मनीत पावाच्या तुकड्यावर डुकराच्या मांसाचा गुलाबी काप, त्याच्यावर अंडं, आणि पिवळं फुटून पाव भिजून लगदा झालेला. स्पेनमध्ये इतक्या तेलात तळायचे की कडांना लेस लावल्यासारखी कुरकुरीत झालर यायची, आणि मध्ये मात्र सगळं जसंच्या तसं थुलथुलणारं. अर्धं माझ्या आईचं, अर्धं हॉस्टेलचं. थायलंडचं भातावर, लसूण-मिरचीत परतलेल्या खिम्यावर पालथं घातलेलं. त्याचं बूड छान खरपूस होतं, म्हणून मी क्षणभर बरी झाले, तर पुढच्याच फोटोत चमचा घालून ते फोडलेलं आणि भाताच्या शितांवर पिवळं बसत चाललेलं. जपानवाले झाकण ठेवून वाफेवर करायचे. त्यामुळे पिवळ्यावर पातळ पांढरा पडदा यायचा. मोतीबिंदू झालेला डोळा बशीतून बघतोय असं वाटायचं. मेक्सिकोचा लाल मिरचीचा रस्सा तेवढा मला चालला असता, अंडं बाजूला काढून.

अमेरिकेच्या यादीत दोन्ही बाजूंनी भाजलेलं, पिवळं पूर्ण घट्ट झालेलं अंडं होतं. म्हणजे आमच्या घरचं, तिखट वगळून. त्याच्यासमोर क्लायंटने बारीक अक्षरांत सूचना दिली होती की हा प्रकार क्वचितच मागितला जातो, तरी पाहुण्याला पुन्हा एकदा विचारून खात्री करून घ्यावी.

पुण्यातही सुटका नव्हती. कॅम्पातल्या इराण्याकडे मी एकदा गेले होते. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ हाफ फ्रायच्या पिवळ्यात पाव बुडवत होते, आणि त्याच बोटांनी चहाचा कप उचलत होते. कपाच्या कानाला पिवळं लागलेलं. मी माझा चहा तसाच ठेवून उठले.

त्या 'आपल्यातलीच' नंतर आठवड्याच्या आत लीडने मला कॅन्टीनमध्ये गाठलं. तेव्हा मी स्वारगेटजवळच्या एका मुलींच्या हॉस्टेलवर राहत होते. तिथे ढेकूण होते आणि खिडकीखाली एसटीचे हॉर्न.

"अगं, माझी मावशी नारायण पेठेत एकटी असते. तिची एक खोली रिकामी आहे. कंपनीची बस कोपऱ्यावर थांबते. ती सहसा कुणाला देत नाही, पण तू चालशील."

मी चालले. त्या मावशींनी, म्हणजे मी ज्यांना पुढे काकू म्हणू लागले त्यांनी, मला दारातच वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "पंखा बंद करायची सवय आहे का?" मी हो म्हटलं. "मग ये." एवढीच मुलाखत. गाव कुठलं ते विचारलं. वडील काय करतात ते विचारलं. बाकीचं त्यांना भाचीने सांगितलेलं असणार.

काकू मला आवडल्या, हे लिहायला हवं. तिरकं बोलायच्या, पण मला उशीर झाला की ताट झाकून वाट बघत बसायच्या. "तुमच्या कंपनीत कॉम्प्युटर आहेत, घड्याळ नाही वाटतं," म्हणायच्या आणि भात गरम करायला उठायच्या. माझ्या केसांना तेल नाही म्हणून रागवायच्या. मी आजारी पडले तेव्हा त्यांनी रात्रभर माझ्या कपाळावर घड्या ठेवल्या होत्या. घरापासून दूर राहिलेल्या मुलीला असं कुणी मिळालं की ती बाकीच्या गोष्टींकडे बघायचं टाळते.

बाकीची गोष्ट गॅलरीत होती. खिळ्याला एक छोटा अल्युमिनियमचा तवा टांगलेला, त्याच्याशेजारी एक उलथनं, आणि कोपऱ्यात विजेची जुनी शेगडी. सगळ्यावर धूळ. मी विचारलं नव्हतं, काकूंनीच सांगितलं.

"ह्यांचं ते. डॉक्टरांनी अंडं खायला सांगितलं होतं अशक्तपणासाठी. मग काय करणार? इथेच तळायचे, इथेच उभ्याने खायचे, रस्त्याकडे तोंड करून. स्वतःचं स्वतः घासायचे. चूळ भरून मगच आत. शिस्तीचा माणूस हो."

काकांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. तवा काढून टाकायलाही त्याला हात लावावा लागला असता, म्हणून तो तिथेच होता. आमची लीड लहानपणी सुट्टीत या घरी यायची. काकांचं ते गॅलरीतलं तळण तिने दारात उभं राहून पाहिलेलं. जगात तिने जवळून पाहिलेलं तळलेलं अंडं तेवढंच.

म्हणूनच सॉफ्टवेअरमध्ये ते आलं असावं. रिलीजच्या आधी ऑर्डरच्या स्क्रीनवर मला एक नवीन चौकट दिसली. अंड्याचा प्रकार निवडला की तिच्याखाली आपोआप टिक होऊन यायचं, 'वेगळा तवा'. क्लायंटने मागितलेलं नव्हतं. लीडने स्वतः घातलेलं होतं. "त्यांच्या लक्षात राहिलं नसेल," ती म्हणाली. "मी टाकून ठेवलंय. कुणी न कुणी विचारणारच ना, की बाबा तवा वेगळा आहे का?" टीममध्ये सगळ्यांनी मान हलवली. कुणाला त्यात काही चुकीचं दिसलं नाही. मी ती चौकट बराच वेळ बघत बसले. चालते का, एवढंच तपासायचं होतं. चालत होती.

मग क्लायंटकडचा माणूस पुण्यात आला. उंच, वाकून बोलणारा, हॉटेलांच्या भटारखान्यांत आयुष्य गेलेला. तो उतरला होता त्या हॉटेलात सकाळच्या न्याहारीलाच मीटिंग ठरली. अंडी करून देणारा आचारी समोरच उभा असतो, तिथे बसून सगळं दाखवता येईल, असं त्याचं म्हणणं. लीडने मला बरोबर नेलं, नोंदी घ्यायला.

त्याने स्वतःसाठी दोन अंडी मागवली, एका बाजूने तळलेली. बशी आली तेव्हा ती अंडी अजून हलत होती. सुरी लावल्यावर पिवळं फुटलं, बशीत पसरलं, आणि बोलता बोलता तो ते पावाच्या तुकड्याने गोळा करू लागला. ओठाच्या कोपऱ्याला थोडं लागलं आणि तिथेच वाळायला लागलं. मी त्या वाळणाऱ्या थेंबाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि दुसरं काहीच बघू शकले नाही.

लॅपटॉपवर ती चौकट आली तसा तो थांबला.

"वेगळा तवा," त्याने इंग्रजीत वाचलं. "कशापासून वेगळा?"

लीड म्हणाली, "नेहमीच्या तव्यापासून."

त्याने मान वळवून आचाऱ्याच्या हातातल्या तव्याकडे पाहिलं. "पण नेहमीचा हाच आहे."

लीड गोंधळली. तिच्यासारखी हुशार बाई मी तोवर गोंधळलेली पाहिली नव्हती. म्हणजे ज्यावर अंडं करत नाहीत तो, ती म्हणाली. म्हणजे घरातला. काही लोकांना ते लागलेलं चालत नाही. मग त्याचा चेहरा उजळला. "अच्छा, अ‍ॅलर्जी!"

"हो," लीडने सुटकेचा श्वास सोडला. "तसंच काहीसं."

तो माझ्याकडे वळला आणि सहज, अगदी चांगल्या मनाने त्याने विचारलं, तुमच्याकडे घरी अंडं कसं तळतात? खरं सांगायचं तर त्या टेबलावर याचं उत्तर येणारी मी एकटी होते. तापलेलं लोखंड, हळद, उलथन्याचा कोपरा, सगळं जिभेवर आलं.

"ती शुद्ध शाकाहारी आहे," लीड माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली. "तिला बघवतही नाही बिचारीला."

त्याने घाईने माफी मागितली. बशी टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला सरकवली आणि तिच्यावर नॅपकिन झाकला. पांढऱ्या कापडातून पिवळा डाग हळूहळू वर येत गेला. लीडने माझा खांदा थोपटला. मी नोंदवहीत 'अ‍ॅलर्जी' एवढंच लिहिलं.

त्याच महिन्यात काकूंच्या वरच्या मजल्यावर तीन मुलं भाड्याने राहायला आली. एका रविवारी सकाळी मी खिडकीत केस वाळवत बसले होते आणि वरून वास आला. तापलेलं लोखंड, तिखटाचा ठसका, करपलेली कड. मी तो वास झोपेतही ओळखला असता. तोंडाला पाणी सुटलं.

काकू आतून धावत आल्या. त्यांनी खिडकी लावली, मग गॅलरीचं दार, मग न्हाणीघराचा झरोका. धूपदानी पेटवली.

"सुरू झालं," त्या म्हणाल्या. "तुमच्या तिकडचीच आहेत. नागपूरकडची. मी काल जिन्यात नावं विचारली, तेव्हाच लक्षात आलं. मालकाला काय, भाडं मिळालं की झालं. आधी विचारायला नको?"

मी ओलेच केस बांधायला घेतले.

"अंडं म्हणजे नुसतं अंडं नसतं गं. त्याच्यामागून काय काय येतं."

हे म्हणताना त्यांचा वरचा ओठ एका बाजूला वळला, नाकपुड्या मिटल्या आणि हनुवटी मागे गेली. तो चेहरा मला अनोळखी नव्हता. फोटो उघडताना स्क्रीनच्या काळ्या काचेत मी तो कितीदा पाहिला होता. फक्त मी तो बशीकडे बघून करत होते.

दुपारी त्यांनी वरणभात वाढला. नेहमीसारखी भाताची मूद, मध्ये खळगा, त्यात पिवळं वरण, वर तुपाची धार. खळगा फुटला आणि वरण कडेने ओघळत ताटात पसरलं.  इतक्या महिन्यांत मी हे अन्न आवडीने खाल्लं होतं. आता घास तोंडात फिरत राहिला.

"बरं नाही का?" काकूंनी माझ्या कपाळाला हात लावला. "वरच्यांच्या वासाने होतंय. मलाही तसंच होतं."

पुढच्या आठवड्यात आईचा फोन आला. दोन दिवसांनी ती पुण्याला यायची होती. पहिल्यांदाच, माझं घर बघायला. काकूंना मी आधीच सांगितलं होतं आणि त्या फार खूष होत्या. हॉटेलात वगैरे काही नाही, तुझ्याच खोलीत राहू दे, स्वयंपाकघर आपलंच समजा म्हणावं. मी आईला हे सगळं सांगितलं.

"मोठ्या मनाच्या दिसतात," आई म्हणाली. "मग मी एक दिवस त्यांच्यासाठी काही करीन. काय खातात त्या?" "वरणभात, उसळी, असलंच," मी म्हटलं. मग तिने विचारलं, "खोली देताना त्यांनी तुले काही विचारलं होतं?"

"नाही."

"काहीच नाही?"

"पंख्याचं विचारलं."

आई हसली, पण थोडंसंच. आई शाळेत शिक्षिका होती. वर्गातल्या पोरीने अर्धं उत्तर दिलं की उरलेलं अर्धं तिला कळतं. "मग असं कर," ती म्हणाली. "मी स्वारगेटला एखाद्या लॉजवर उतरते. गाडी तिथंच थांबते ना? तू तिथं ये. आपण दोघी फिरू. खोली मी खालूनच पाहीन. काहून उगाच तुझं बिनसवायचं. चांगली जागा मिळत नाही पुण्यात."

तिच्या आवाजात राग नव्हता, दुखावलेपणही नव्हतं. कोणती गाडी सोयीची पडेल हे सांगावं तसं ती सांगत होती. म्हणजे हे तिने आधीही केलं होतं. किती ठिकाणी, किती वेळा, ते मी कधी विचारलं नव्हतं. फोन ठेवल्यावर माझ्या तोंडात हॉस्टेलच्या रविवारची चव आली, गार आणि ओशट. मी जाऊन चूळ भरली. गेली नाही. पुन्हा भरली. मग माझ्या लक्षात आलं की मी गॅलरीतल्या नळापाशी उभी राहून, रस्त्याकडे तोंड करून चूळ भरते आहे.

मी नळ बंद करून आत गेले.

काकू जेवणाच्या टेबलाशी बसून मोड आलेले वाल सोलत होत्या. आईसाठी डाळिंब्यांची उसळ करायची होती. सोललेल्या डाळिंब्यांचा वाडग्यात हिरवट ढीग झाला होता आणि त्यांची बोटं पाण्याने सुरकुतली होती. आदल्या संध्याकाळपासून त्या तेच करत होत्या, माझ्या आईसाठी. हे मला दिसत होतं, आणि म्हणून बोलणं सोपं होत नव्हतं. खोली जाईल, हे मला माहीत होतं. ऑफिसात लीडच्या समोर रोज बसायचं आहे, हेही.

"ये, बस," त्या म्हणाल्या. "तुझ्या आईला कांदा-लसूण चालतं ना गं? काही जणी नाही खात. आधी विचारून घेतलेलं बरं."

माझे हात ओले होते. ते मी पुसले. बसले नाही.

"काकू," मी म्हटलं, "माझी आई सगळं खाते. मीपण खाते. अंडीसुद्धा. आमच्याकडे ती भाकरीच्या तव्यावरच होतात. मला फक्त कच्ची राहिलेली बघवत नाहीत, बाकी काही नाही. आम्ही बौद्ध आहोत. तुम्ही मला विचारलं नव्हतंत, आणि मी सांगितलं नव्हतं. आता आई येते आहे आणि ती म्हणते, मी लॉजवर उतरते. तिने लॉजवर उतरावं असं मला वाटत नाही. तुम्ही एवढंच सांगा, मी तिला इथे घेऊन येऊ की आम्ही दोघी दुसरीकडे जागा बघू?"